डिस लागलेले शब्द

कोणी इंग्रजी शब्द उच्चारला की काकू एक बोट वर करून त्याला मध्येच अडवायच्या. “थांबा. ह्याच्यात डिस हाय का?”

त्या आणि काका माझ्या समोरच्या घरात राहायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे संशयित शब्द तपासणीला माझ्याच दारात यायचे. नवी पेठेत एखाद्या दुकानावर ‘डिस्काउंट’ची पाटी दिसली, की काकू शेजारच्या दुकानात जाऊन महाग साडी घेणार. वीज ‘डिस्कनेक्ट’ होणार असा मेसेज आला, तेव्हा त्यांनी मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला. मेसेज भामट्यांचा होता हे नंतर कळलं. काकूंना त्याचं नवल वाटलं नाही.

त्यांच्या मुलीच्या लग्नाला वैरागच्या मुलाकडच्यांनी डिसेंबर सुचवला, तेव्हा मात्र मी मध्ये पडलो.

“काकू, हा डिस वेगळा. लॅटिन भाषेत डिसेम म्हणजे दहा.”

“दहा? डिसेंबर तर बारावा म्हैना की.”

पूर्वी रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं वगैरे मी सांगू लागलो. काकू माझ्याकडे रोखून बघत होत्या.

“नाव दहाचं आन् जागा बाराव्याची. बगा, खोटं बोलतंय की!”

लग्न जानेवारीत झालं.

तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. एकदा तूर निवडता निवडता काकूंनी मूळ गोष्ट सांगितली, तेव्हापासून कमी झालं. काका वळसंगहून येऊन चादरीच्या कारखान्यात लागले होते. एका संध्याकाळी मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावून ‘डिसमिस’ असं काहीतरी सांगितलं. साहेबानं मुद्दाम बोलावलंय म्हणजे बढतीच असणार, असं काकांना वाटलं.

“हे थँक्यू म्हनून आले, सर. थँक्यू! मी शिरा केला. सकाळी गेटवर वॉचमननं अडवलं, तवा कळलं.”

त्यानंतर काका फारसं बोलेनासे झाले. दोघांच्या वाटणीचं बोलणं, आणि संशयही, काकूंकडे आला.

“डिस म्हंजे काय असतंय वो?” त्यांनी विचारलं.

“दूर, वेगळं. डिसमिस म्हणजे दूर धाडून देणं.”

“तेच म्हनते मी,” म्हणून त्या पुन्हा तूर निवडू लागल्या.

एका हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला. मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा तरुण डॉक्टर खाटेपाशी वाकून काकांना सांगत होते, “आजोबा, छान बरे झालात. उद्या डिस्चार्ज.”

काकांचे ओठ हलले. काकूंनी चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“थँक्यू म्हनायचं न्हाय!”

डॉक्टर बावरले. मी पुढे झालो. “काकू, चार्ज म्हणजे मुळात गाडीवर लादलेलं ओझं. डिस्चार्ज म्हणजे ते उतरवणं. चांगलाच शब्द आहे.”

“ओझं कुनाचं? आमचंच न्हवं? जड झालो आमी.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमी शिकलेली मान्सं. तुमी त्यांच्याच बाजूनं बोलनार.”

त्या खाटेवर बसल्या आणि लोखंडी कठडा धरून राहिल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, तर फोटो ह्यांचाच कशावरून, असं काकूंनी विचारलं.

शेवटी काकांनीच त्यांचा हात कठड्यावरून सोडवला.

“कारखान्यातनं मला काढलं व्हतं,” ते सावकाश म्हणाले. “हितनं सोडत्यात.”

“कशावरनं?”

“ह्यो डॉक्टर माज्याकडं बगून बोलला. त्या मॅनेजरनं मान वर केली नव्हती.”

मग काका डॉक्टरांकडे वळून नीट, पूर्ण म्हणाले, “थँक्यू, सायेब.”

काकू उठून पायथ्याची चादर घडी करू लागल्या. घडी काही केल्या जुळत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी दोघांना कायमचं वैरागला घेऊन गेली. सामान टेम्पोत चढलं. काका आणि मुलगी पुढे ड्रायव्हरजवळ बसले. काकू मात्र मागे चढल्या, दोन ट्रंकांच्या मधल्या बेचक्यात. वाटेत काय पडेल, कोण काय काढून घेईल, सांगता येत नाही. टेम्पो वळणावर गेला, तरी त्या आमच्या गल्लीकडेच बघत होत्या. मी हात हलवला. त्यांना हलवता आला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी सामानाची दोरी धरली होती.