सासऱ्यांची मोटार आणि माझं रबिंग

रंग लावण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. रंग न लावता गप्प बसणं मात्र आम्हाला जमत नाही. पेणला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. फिकं काही दिसलं की माझी बोटं वळवळतात.

माझी सासुरवाडी रोह्याची. तिथे सासऱ्यांची एक मोरपिशी मोटार आहे, गोल दिव्यांची, त्यांच्या लग्नात घेतलेली. सासूबाई नवरी म्हणून याच गाडीतून आल्या. पुढे उन्हानं रंग मेला, हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागे. पण सासरे कुणाला ब्रश लावू देत नसत. "पन्नास वर्सांचा ओरिजिनल रंग हाय. त्याला ओरखडा नाय," असं ते पाहुण्यांना सांगत आणि सासूबाई मान डोलवत.

त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला. दोघांना त्याच गाडीतून देवळात जायचं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाबा, रंग न लावता चमकवून देतो. नुसतं घासायचं, रबिंग!" (त्याआधी मी फक्त चष्मा पुसला होता.)

सासऱ्यांनी किल्ली दिली, पण हात सोडेनात. "जावईबापू, गाडी गेली तरी चालंल. रंग जाता कामा नये!"

पेणला अंगणात गाडी लावली, पॉलिश घेतलं आणि घासायला लागलो. पाच मिनिटांत फडकं निळंशार! माझी बायको वैशाली किंचाळली, "अहो, रंग निघतोय!"

"वरचा मेलेला थर आहे तो. खालचा जिवंत रंग वर येतोय."

"आणि खालचाही निघाला म्हणजे?"

मी फडकं उलटं केलं आणि आणखी जोरात घासलं. आणि खरंच, बॉनेट असं उजळलं की त्यात आमचा माड दिसायला लागला! मला इतका आनंद झाला की शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं. चार दिवसांत सगळी गाडी झाली. उरला डावा मडगार्ड. तिथे दोनदा फडकं फिरवलं आणि ताटाएवढा रंग गायब! खाली पिवळी पुट्टी!

पन्नास वर्षं टिकलेला रंग मी दोन हातांत संपवला होता. उद्या सासऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

"खरं सांगून टाका," वैशाली म्हणाली.

शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मी कारखान्यात गेलो. मोरपिशी छटा बनवणं हा माझा डाव्या हाताचा मळ! मूर्तींच्या शेल्यांचा निळा, त्यात चिमूटभर हिरवा. मडगार्ड असा रंगवला की वैशालीलाही जागा सापडेना. वरून मेण चोळलं आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत निघालो. वाटेत गडब गेलं, कोलाड गेलं, रंग हलला नाही.

सासरे गाडीभोवती फिरले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "जावईबापू, तुमी सोनं केलंत!" मडगार्डपाशी मात्र ते जरा जास्तच थांबले.

मग सासूबाई भाकरतुकडा ओवाळून चाकांवर पाणी घालायला आल्या. इथे एक माहिती देणं भाग आहे. शाडूच्या मूर्तींना आम्ही मुद्दाम पाण्यात झटकन विरघळणारा रंग देतो. विसर्जनाला तो फार उपयोगी पडतो.

सासूबाईंनी तांब्या नेमका डाव्या मडगार्डवर ओतला. निळा ओघळ चाकावरून रांगोळीत गेला.

"अगो बाय! गाडी सजवलीत का विसर्जनाला काढलीत?"

मी हात जोडले. "आई, चूक झाली. घासताना रंग गेला, म्हणून मी लावला."

सासूबाईंनी पुट्टीवर नख मारलं. "आन खड्ड्यातली ही पुट्टी? ती पन तुमीच भरलीत?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते आकाशाकडे पाहत होते. शेवटी खाकरून म्हणाले, "लग्नानंतर म्हयन्यानं कोलाडला म्हशीला चुकवाया गेलो नि आंब्याला ठोकली. रंग मीच मारला व्हता."

"कोलाडला कधी गेला व्हतात?"

"ती... दोन दिवसांची डबल शिफ्ट सांगितली व्हती ना, तवा."

"धाटावच्या कंपनीतली? मी दोन्ही दिवस डबे पाठवले! ते कोनी खाल्ले?"

"गॅरेजवाल्यानं. डबे तिकडंच वळवले व्हते. चांगली व्हती म्हनाला भाजी."

म्हणजे मी घालवला तो ओरिजिनल रंग नव्हताच! मी सुटलो, असं वाटून मी हसलो. तिथेच घात झाला.

"हसताय काय? दोगंबी लबाड!" सासूबाईंनी जेवणावळीची तांब्या-पितळेची भांडी परसात मांडली. "घासायची लय हौस हाय ना? बसा!"

सासूबाईंसह सगळे पाहुणे देवळात गेले आणि आम्ही सासरा-जावई चिंच लावून भांडी घासत बसलो. सासरे कुजबुजले, "जावईबापू, जपून हां." पण मला आता गमावलेली अब्रू कमवायची होती. सगळ्यात मोठं पातेलं घेतलं आणि आतून असं घासलं, असं घासलं की तळ लालबुंद झाला.

सासूबाई परतल्या, पातेल्यात डोकावल्या आणि कपाळावर हात मारला. "कल्हई काढलीत की हो सगळी!"

आणि खोटं कशाला बोलू, मी उठलो तो थेट गाडीच्या डिकीकडे. मूर्तीच्या मुकुटाचा चंदेरी रंग मी सोबत आणला होता.