दर्भाचा कावळा

माझ्या नवऱ्याच्या दशक्रियेला कावळा शिवला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. येडगाव धरणाच्या पाण्यावर आमची मोटर होती. हे ती चालू करायला गेले आणि स्टार्टरचा शॉक बसून जागीच गेले. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला, प्रवचन झालं, उन्हं चढली, आणि समोरच्या बाभळीवरचा कावळा काही हलेना. मग रीतीप्रमाणे एकेकानं हात जोडून गेलेल्या माणसाला शब्द द्यायला सुरुवात केली. चुलत दीर म्हणाले, "शेती पडू देणार नाय." सासूबाई म्हणाल्या, "घराचं काम पुरं करीन बाबा, ये." कावळा ढिम्म. मग सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"तू बोल," कुणीतरी म्हणालं. "तुझ्यात जीव आडकलाय त्याचा."

मी बोलले नाही. लोकांना काय ऐकायचंय ते मला ठाऊक होतं. मी लॅबचा डिप्लोमा केलेला, लग्नानंतर तो तसाच पडून होता, आणि मला पुण्याला कामाला जायचं होतं. खरं तर त्यांच्या हयातीतच जायचं होतं. विचारलं की ते म्हणायचे, "बघू." टोमॅटो कधी तोडायचा विचारलं तरी बघू, दवाखान्यात जायचं का विचारलं तरी बघू. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांचं बघून कधी झालं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घराकडं निघाले.

पुढं मला झोप लागेना आणि रडूही येईना. विधवेला रडू न येणं हा आमच्याकडं आजारच. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी सांगितलं म्हणून सासूबाई मला तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक बाईंकडं घेऊन गेल्या. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्या मांडीवर पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसायच्या आणि मी आत.

बाई तरुण होत्या, पुण्याच्या. आधी मला त्यांचा रागच आला. सल्ला म्हणून देत नव्हत्या. मी म्हणायचे, झोप येत नाही. त्या म्हणायच्या, "असं जागं राहणं फार जड जात असेल." अहो, तेच तर मी सांगतेय. आमच्याकडं भेटायला येणारी प्रत्येक बाई जाताना चार उपदेश ऐकवून जाते, आणि या माझंच बोलणं मला परत देत होत्या. पण हळूहळू लक्षात आलं, की माझं वाक्य पुरं होईपर्यंत कुणीतरी गप्प बसतंय. असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मग एके दिवशी मी सांगून टाकलं. पुण्यातल्या लॅबनं बोलावलंय, सोमवारपर्यंत कळवायचंय, मला जायचंय. हे मी मोठ्यानं कुठंच बोलले नव्हते. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

"मग अडतंय कुठं?" बाईंनी विचारलं.

"त्यांना सांगितलं नाही," मी म्हणाले.

बाईंनी कोपऱ्यातली लाल प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "ते इथं बसलेत असं समजा. जे सांगायचं राहिलंय ते सांगा. राग असेल तर तोही काढा." पद्धत चांगलीच असणार. तिनं कितीतरी माणसं मोकळी झाली असतील. पण गेलेल्या माणसाशी समोरासमोर बोलायची मला एकच रीत माहीत होती, घाटावरची. तिथं कुणी राग काढत नाही. तिथं शब्द देतात. खुर्चीकडं पाहिलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

"मी कुठं जात नाय," मी म्हणाले. "आत्यांला सोडून कुठंच जात नाय. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

आणि घाटावर न आलेलं रडू तिथं आलं. बाईंना वाटलं, काहीतरी सुटलं. त्यांनी पाणी दिलं. मी डोळे पुसत खिडकीबाहेर काय शोधत होते, ते त्यांना कळलं नसावं.

मग त्या म्हणाल्या, "आता त्या खुर्चीत बसा आणि त्यांच्या वतीनं उत्तर द्या." तेव्हा मला अजून थोडी आशा होती. म्हटलं, निदान आता तरी हे जा म्हणतील. उठून बसले. खुर्ची एका पायानं डुगडुगत होती. मग तोंडातून आलं, "बघू."

मला हसू फुटलं. हसतानाच कळलं की आता काही होणार नाही.

बाई म्हणाल्या, "शब्द तुम्ही दिलाय, परतही तुम्हीच घेऊ शकता. निर्णय तुमचाच." त्या मनापासून बोलत होत्या. पण जिवंत माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो. भांडता येतं, रुसता येतं, चार दिवसांनी समजूत काढता येते. मेलेल्या माणसाची समजूत काढायला कुठं जायचं, हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. सोमवारी मी लॅबला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दवाखान्यातही परत गेले नाही.

आत्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी मला एकदाही थांब म्हटलेलं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. कधी कधी वाटतं, मी विचारलं असतं तर त्यांनीच पिशवी भरून दिली असती.

वर्ष उलटल्यावर पितृपंधरवड्यात आम्ही त्यांच्या नावानं पत्र्यावर पान ठेवलं. आम्ही मागं वळायच्या आत कावळा उतरला आणि भातात चोच घातली. आत्या हात जोडून बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बघ पोरी," त्या म्हणाल्या, "आता कसा लगीच आला. मागं काय राहिलं न्हाई त्याचं."

मी हो म्हणाले आणि ताटं वाढायला आत गेले.