यल्लप्पामामांचा बॉबिन हरवला तेव्हा

टॉवेलच्या कारखान्यात कापसाचे तंतू आणि किस्से कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात ढीग असतोच. आमच्याकडचा किश्श्यांचा सगळ्यात मोठा ढीग बॉबिनचा.

बॉबिन म्हणजे विणकर यल्लप्पामामांचा तपकिरी कुत्रा. मामी गेल्यापासून मामांच्या घरात तेवढंच एक माणूस! एका सुट्टीच्या दिवशी वरातीतला फटाका फुटला आणि तो बिथरून पळाला. मामांनी जेवण सोडलं.

*

माग दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईनं स्टेटसला बॉबिनचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत गेटवर तपकिरी कुत्र्यांची परेड! मामांनी एकेकाला निरखलं, मग डबा उघडून सगळ्यांना भाकरी वाटली.

म्हणाले, "माझं न्हाय. पण उपाशी हाय की."

*

मोहोळहून फोन आला. स्कूटरवर मामांना मध्ये बसवून मी आणि सलीमभाई गेलो, तर कुत्रा फोन करणाऱ्याचा स्वतःचाच.

तो म्हणाला, "ह्येबी चांगलंय की. घेऊन जावा."

मामांनी त्या कुत्र्याचे कान खाजवले, त्याचं घर मोडायचं नाही म्हणाले आणि स्कूटरवर बसले.

*

मग मामांना आठवलं, बॉबिनला तेलुगूच कळतं; घरी ते त्याच्याशी तेलुगूतच बोलायचे. सलीमभाई गल्लोगल्ली "रा, रा" म्हणजे "ये, ये" ओरडत फिरला. त्या आवाजानं अक्कलकोटपर्यंतची कुत्री उठली. तुम्ही निम्मं धरा. दोन घरांतल्या आजीबाई मात्र खरंच बाहेर आल्या, कोण बोलावतंय म्हणून!

*

बॉबिनला कारखान्यात घेऊ नका, असं रोज बजावणारे आमचे मालक. तेच गाडीची काच खाली करून शिट्ट्या मारत हिंडताना ट्रॅफिक हवालदाराला सापडले. "टॉवेलची ऑर्डर बघायला निघालोय," म्हणाले. शिट्टीचं काय ते त्यांनी सांगितलं नाही.

*

पुन्हा सुट्टी आली. मामा बोलता बोलता म्हणाले, सुट्टीला बॉबिन झोपायचाच नाही, त्याला मागाचा आवाज लागतो. मालकांनी किल्ल्या काढल्या. सुट्टीमुळं आसपासचे सगळे कारखाने बंद, म्हणजे आमच्या मागांचा आवाज लांबवर जाणार. खिडक्या सताड उघडून आम्ही सगळे माग चालू केले. शेजारी भांडायला आले, कारण ऐकून तिथंच उभे राहिले.

दुपार कलताना गेटातून बॉबिन लंगडत आला. कुणाकडं बघितलं नाही. मामांच्या मागाखाली शिरला, गोल फिरला आणि अंग टाकलं. मामा फरशीवर त्याच्याशेजारी बसले.

विजेच्या बिलावरून मालक रोज आमचा जीव खातात. म्हणून मी स्विचकडं हात नेला.

मालकांनी मनगट धरलं.

"राहू दे. झोपलाय तो."