टाकीवर ठेवलेला हात

आधीच सांगतो, मी या फोरमवर इतके दिवस आहे तो निव्वळ टवाळी करायला. कुणाला घाटात पांढरी साडी दिसली, की खाली 'कुठल्या दुकानातली?' असं विचारणारा तो मीच. भूतखेत, अंगात येणं, करणी… यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही असं म्हणायचा प्रयत्न चालू आहे. पण हे माझ्या सख्ख्या आईच्या बाबतीत, भर सकाळी, माझ्यापासून हातभर अंतरावर घडलंय.

मी अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. आई लालबागला, चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीत. तिथून ती हलत नाही, आणि का हलत नाही ते पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी मी परफॉर्मन्स क्रूझर बाईक घेतली. बायको म्हणाली, या वयात माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात. तिला कसं समजावणार… स्पोर्ट्स बाईकवर ओणवं बसायचं आपलं वय गेलं. साधी क्रूझर म्हणजे सोफा, बसायला छान, पण पळायला नाखूश. ही मात्र सोफ्यासारखी बसवते आणि मूठ पिळली की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. रविवारी पहाटे आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप फ्रीवेने निघतो. सगळे पोटं सुटलेले. ठाकूरद्वारचा एक डेंटिस्ट आहे, आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून वैतागलेला. तो म्हणतो, "अरे, ही गाडी कानाने ऐकायचीच नाही. छातीने ऐकायची." अगदी खरं आहे. सिग्नलला उभी असताना ते धडधडणं सीटमधून, हँडलमधून अंगात शिरतं. टाकीवर तळहात ठेवला तर कोपरापर्यंत जाणवतं. त्या धडधडीसाठीच माणसं वेडी होतात, बाकी टॉर्क-बिर्क आम्ही बायकोला सांगण्यापुरतं.

आता वडिलांबद्दल. माझे वडील, दत्ता, गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे मागांवर कापड विणायचे. गिरणीत मागाला साचा म्हणत. संप लागला तेव्हा मी नुकता उभं राहायला शिकलो होतो. संप लांबला, घरात चूल पेटायची पंचाईत झाली, तेव्हा वडील 'भिवंडीला पॉवरलूमवर काम बघतो' म्हणून गेले. ते परत आलेच नाहीत. मामा शोधून आला, चाळीतले लोक शोधून आले. मेले म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही.

आईने घरोघरी पोळ्या लाटून मला वाढवलं. आणि रोज सकाळी न चुकता कुंकू लावलं. बारा वर्षं झाल्यावर नातेवाईक म्हणाले, विधी करून टाका, त्यांनाही गती मिळेल. आई म्हणाली, "कुणी पाहिलंय त्यांना गेलेलं? नाही ना? मग मी कशी पुसू?" खोली सोडायची नाही तीही याचसाठी. ते आले तर दुसरा पत्ता त्यांना कोण देणार. मी एवढा घोडा झालो तरी आईच्या आयुष्यात हा एकच प्रश्न होता, आहेत की नाहीत.

दसऱ्याला मी गाडी पूजेसाठी लालबागला नेली. चाळीच्या पटांगणात उभी केली, झेंडूचा हार घातला. आई ताट घेऊन खाली आली. तळमजल्यावरचे परबकाका नेहमीप्रमाणे दारात खुर्ची टाकून बसले होते. परबकाका म्हणजे वडिलांच्या बाजूच्या साच्यांवरचे विणकर, एकाच गावचे, जिवलग. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे आता कानांनी जवळजवळ ठार बहिरे. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड नीट हलवून बोलावं लागतं.

हे नीट लक्षात घ्या. साळखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, शेजारच्याचं ओरडणंही ऐकू जायचं नाही. म्हणून ही माणसं आवाज न काढता ओठ मोठे हलवून आणि हातांच्या खुणांनी बोलायची. कामाचंच नाही, घरचं, गावचं, थट्टामस्करी, सगळं. प्रत्येकाच्या नावाचीही खूण असायची, आणि ती त्या ओळीतल्या चार-सहा जणांपलीकडे कुणाला माहीत नसायची.

आईने टाकीवर स्वस्तिक काढलं. मी नारळ उचलला, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब रे संदीप. आमच्या खात्यात पूजा झाली काय साचो एकदा चालवून दाखवीत. चालू कर. वयनी, तुमी वर हात ठेवा."

मी गाडी सुरू केली. आईने बिचकत डावा हात टाकीवर ठेवला.

पहिल्यांदा मला वाटलं ती काहीतरी पुटपुटते आहे. मग लक्षात आलं, आवाजच नाही. ओठ मात्र मोठे मोठे हलत होते, जबडा पूर्ण उघडून, आई कधीच तसं तोंड उघडत नाही. तिने उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या डाव्या खांद्यावर आपटली. परबकाका खुर्चीतून उठले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ज्यांना उठायला भिंत लागते ते काका, ताडकन उठले.

काकांनीही ओठ हलवले, हात हलवला. आईने उत्तर दिलं. काकांनी पुन्हा काही विचारलं. आई पालथा हात कपाळाला लावत होती, पुन्हा पुन्हा, मग तोच हात सपाट करून हवेत आडवा फिरवायची. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघितलं तर ओळख नाही. मी नारळ हातात घेऊन मूर्खासारखा उभा. तुम्ही विचाराल व्हिडिओ का नाही काढला… स्वतःच्या आईला असं पाहून कुणाला सुचतं ते मला सांगा.

मग तिने टाकीवरचा हात काढला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बंद कर आता, किती धूर तो. नारळ फोड."

तिला काहीही आठवत नव्हतं. तिने काकांकडे पाहिलं आणि दचकलीच, कारण काका हुंदके देत होते. "भाऊजी, काय झालं?" काका म्हणाले, "काय नाय गे वयनी. सण आसा ना, दत्ताची याद इली." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मी मागोमाग गेलो. काका माझा हात धरून बसले. "तुझो बापूस होतो तो," ते म्हणाले. खांद्यावर दोन बोटं ही परबकाकांच्या नावाची खूण होती. तरुणपणी त्यांच्या शर्टाला त्या जागी कायम ठिगळ असायचं, त्यावरून वडिलांनीच पाडलेली. संपानंतर ती खूण काकांना कुणी केली नव्हती.

"काय म्हणाले?"

"ताप इलो, म्हणालो तो. भिवंडीत, त्याच वर्सा. कपाळाक हात लावी होतो तो ताप. मगे साचो बंद." काकांनी हात आडवा फिरवला. "घराक सांग म्हणालो तो. आज दसरो, संदीप. सणाच्या दिवशी त्या बायेक मी कसा सांगू?"

मी न राहवून विचारलं, माझ्याबद्दल काही? काकांनी तळहात जमिनीला समांतर धरला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. "एवढोसो आसा, म्हणालो तो. त्येका पडूक देऊ नको." मला तिथेच रडू आलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

डोकं मी बरंच चालवलं. आई गिरणीच्या आत कधी गेली नव्हती. वडील घरी खुणांनी बोलत नसत, तिला मी नंतर फिरवून फिरवून विचारलं. काकांना भास झाला म्हणावं, तर आईचे ओठ आणि हात मी स्वतः पाहिलेत. पुढे भिवंडीलाही जाऊन आलो. पॉवरलूमच्या जुन्या शेड होत्या तिथे आता गोदामं आहेत, आणि इतक्या वर्षांपूर्वीचा तापाने गेलेला कामगार कुणाच्या लक्षात असणार.

दसऱ्याच्या रात्री मी लालबागलाच राहिलो. सकाळी आई आरशासमोर उभी होती, करंडा हातात. मागे न वळता म्हणाली, "संदीप, भाऊजी काय म्हणाले ते नको सांगूस. एवढंच सांग, आज कुंकू लावू का?"

मी म्हणालो, "लाव."

"म्हणजे गेले," आई म्हणाली. "असते तर तू चिडला असतास माझ्यावर, सकाळी सकाळी काय विचारतेस म्हणून."

ती खाली बसली. रडली नाही. कशाने गेले ते विचारलं, मी सांगितलं. मग बराच वेळ करंड्याचं झाकण उघडमीट करत राहिली आणि म्हणाली, "तापात त्यांना फार तहान लागायची. पाणी द्यायला कुणी होतं का रे जवळ?"

खाली जाऊन विचारलं, तर ते काकांनाही माहीत नव्हतं. आम्ही तिघं पटांगणात गेलो. मी गाडी सुरू केली, आईने आपणहून दोन्ही हात टाकीवर ठेवले, काका समोर उभे राहिले. चाळीतली माणसं गॅलरीतून बघत होती, मला त्याचं काही वाटलं नाही. आई मोठ्याने विचारत होती, काका तेच खुणांनी विचारत होते. इंजिन धडधडत राहिलं आणि आईचे हात नुसते त्या धडधडीने थरथरत राहिले. काही म्हणजे काही झालं नाही.

त्यानंतर बाणगंगेवर विधी केला. आई अजून लालबागलाच राहते. मी गेलो की जिना उतरून येते, म्हणते, "चालू कर जरा." मी करतो. ती हात ठेवते, पाण्याचा तोच एक प्रश्न विचारते, थोडा वेळ थांबते आणि वर जाते. हे काय होतं, मला अजून सांगता येत नाही. आणि पुन्हा का होत नाही, तेही नाही.