सुमनकाकीच्या केसांतला कापूस

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. आई गेली, तिलाही नाही सांगितलं — आणि तिला तर सांगायलाच हवं होतं, ती तिथेच उभी होती. मुलाखतीला येणारी पोरं विचारतात, मॅडम, ग्रीक देव गिरणगावात आणायचं कसं हो सुचलं? मग माझं ठरलेलं उत्तर — वाचनालय, बालपण, कल्पनाशक्ती. ती माना डोलावतात. मीही डोलावते. आज तुम्ही समोर बसला आहात, तर सांगते. मध्ये थांबले तर थांबू द्या.

माझी पुस्तकं तुम्ही वाचली नसलीत तरी बिघडत नाही. लालबागच्या चाळीतली पोरं आणि ग्रीक देव, एवढंच त्यात. लंगडा हेफेस्टस मिलच्या वर्कशॉपात घण घालतो, समुद्राचा देव वरळीच्या कोळ्यांच्या होडीत बसून येतो, आणि पाताळाचा राजा हेडिस बंद मिलच्या तळघरात राहतो. मुलांना सगळ्यात जास्त आवडते ती मेड्यूसा. डोक्यावर केसांच्या जागी पांढरे साप, आणि नजर भिडली की समोरच्याचा दगड. शाळांमध्ये बोलावतात तेव्हा एखादी पोरगी हमखास डोक्याला पांढऱ्या लोकरीचे साप बांधून येते. मी टाळ्या वाजवते. दुसरं काय करणार?

ही मेड्यूसा मी पुस्तकासाठी नाही रचली. ती आधीची आहे. गिरण्यांच्या संपातली.

तेव्हा मी आठवीत. बाबांची मिल बंद, सगळ्यांच्याच बंद. कुणाचे वडील गावी गेलेले, कुणाचे दिवसभर कट्ट्यावर. घरात भात असला तर आमटी नाही, आमटी असली तर भात नाही. वाचनालयात ग्रीक देवांच्या गोष्टींचं एक जाडं मराठी पुस्तक मला सापडलं होतं. संध्याकाळी जिन्यावर बसून मी त्यातले देव आमच्या मिलमध्ये घुसवायची आणि पोरांना सांगायची. फुकटचा सिनेमा तो! पोरं हलायची नाहीत. मला ना रूप, ना गळा, अभ्यासात बेताची — पण जिन्यावर मी राणी. हे सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे.

शेजारच्या खोलीत नंदा, माझ्याच वर्गातली. तिचे वडील तात्या, चाळीच्या संप कमिटीत सगळ्यात पुढे. आणि आई सुमनकाकी, पूर्वी मिलच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, नंदाच्या धाकट्या भावाच्या वेळी तिने काम सोडलेलं. संप लांबला तशा चाळीतल्या बायका भांडी घासायला जाऊ लागल्या. त्यावर तात्या चारचौघांत बोलून बसले होते, बायकांना मजुरीला पाठवून संप लढवायचा नसतो, माझ्या घरातलं कुणी जाणार नाही. बोलणं सोपं असतं. चूल काकीची होती.

एका दुपारी नंदा मला घोडपदेवला घेऊन गेली. एकटीला जायची भीती वाटायची तिला. तिथे एका गादीवाल्याच्या दुकानात, आतल्या बाजूला, सुमनकाकी उशा भरत बसली होती. नाकाला पदर, भुवया पांढऱ्या, केसांत कापूसच कापूस. घरी ती भोईवाड्याला बहिणीकडे जाते असं सांगून निघायची. मला बघून दचकली. मग जवळ घेतलं, पुड्यातले कुरमुरे माझ्या ओंजळीत घातले, आणि म्हणाली, "ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नको गो बाय. मान खाली जाईल त्यांची."

मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. नंदानेही घेतली. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

आणि शपथ मी पाळली, बरं का! एक अक्षर फोडलं नाही. तीच तर गंमत — गंमत कसली.

पुढच्याच आठवड्यात पोरं कंटाळायला लागली. एकजण उठला, मग दुसरा. तेवढ्यात काकी खालून जिना चढत आली. घरी यायच्या आधी ती नळावर डोकं पुसायची, पण कानामागे, अंबाड्याच्या कडेला पांढरं राहायचंच. आणि मी — उचलली जीभ, लावली टाळ्याला — कुजबुजले, डोळे झाका, मेड्यूसा आली. तिच्या केसांत मिलमधले पांढरे साप आहेत. ती मालकाची राखण करते, संपवाल्यांचे दगड करते.

पोरांनी डोळे झाकले, किंचाळली, पळाली. काय मजा आली म्हणून सांगू! उठून गेलेले परत आले. मग रोजच. काकी दिसली की डोळे झाकायचे. ती आधी हसायची. नंतर हसेनाशी झाली. नंदा त्या दिवसापासून जिन्यावर आली नाही. तिने मला एकदाही विचारलं नाही, असं का केलंस. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी?

मोठ्यांनी एका लहानग्याला विचारलं, काय रे, काकीला बघून पळता का? तो म्हणाला, तिच्या केसांत मिलमधलं पांढरं आहे. झालं. आमच्याकडे केसांतला कापूस म्हणजे मिल, दुसरा अर्थच नव्हता. जन्मभर बापांच्या डोक्यात तोच बघितलेला. मागच्या गेटने माणसं आत घेतात अशी बोलवा होतीच. आणि काकी तर जुनी वाइंडिंगवाली. नळावर बायका तिच्यापासून सरकून उभ्या राहू लागल्या.

मग बांगड्यांचा आहेर आला. संप फोडणाऱ्याच्या दारात नेतात तो. ताटात हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, मागे अख्खी चाळ. तात्यांच्या दारात! तात्यांना आधी कळेचना, ते ताट नेणाऱ्यांनाच विचारत होते, कुणाकडे चाललात? ताट त्यांच्या हातात दिलं.

तेव्हा काकी पुढे आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "मी मिलमध्ये नाही जात. घोडपदेवला गादीवाल्याकडे उशा भरते." तात्यांनी तिच्याकडे बघितलं. ते बघणं मला सांगता येणार नाही, लिहायला बसले तेव्हाही जमलं नाही. गर्दीतून कुणी म्हणालं, आता गादीवाला कुठून निघाला? कुणी म्हणालं, पैसे चारले की गादीवाला हवं ते सांगेल. मग एकजण म्हणाला, चाळीतल्या कुणी पाहिलंय का तिला तिथे?

मी आईच्या शेजारी उभी होते. नंदा दारात, काकीच्या मागे. ती थेट माझ्याकडे बघत होती. पोटच्या पोरीचा शब्द कोण धरणार — साक्ष माझीच होती. गुपित तर काकीनेच फोडलं होतं, अडकवणारं काही उरलं नव्हतं. एक वाक्य. "मी पाहिलंय." आठवीतल्या पोरीला एवढं येत नाही?

मला भीती वाटली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. मला मार पडला नसता, उलट शाबासकी मिळाली असती. पण मग मेड्यूसा गेली असती. पोरं म्हणाली असती, ही थापा मारते. मला जिन्यावरची जागा सोडायची नव्हती. मी मान खाली घातली.

महिन्याभरात ते गावी गेले, संगमेश्वराकडे. तात्या पुन्हा मुंबईत आले नाहीत. नंदाची शाळा सुटली. मी शिकले, दादरला राहायला आले, आणि गोष्टी लिहायला बसले तेव्हा पहिली कोण आली हाताशी? तीच. कानामागचं पांढरंसुद्धा जसंच्या तसं लिहिलं. बक्षीस मिळालं त्या प्रकरणाला.

दादरला पुस्तकांच्या प्रदर्शनात मी सह्या करत होते. समोर एक बाई आली, हातात माझं पुस्तक. नंदा. ओळख सांगायची गरज पडली नाही. सहज बोलली, जणू काल भेटलो होतो. तात्या गेले. आई आहे, डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून नंदा तिला वाचून दाखवते. तिला आपली चाळ ऐकायला आवडते म्हणाली. मी विचारलं — का विचारलं देव जाणे — सगळं वाचतेस?

"मेड्यूसा येते तेवढी पानं सोडून," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग पुस्तक पुढे केलं, आईच्या नावाने सही कर म्हणाली. रांग काही मोठी नव्हती, बोलायचं तर वेळ होता. मी लिहिलं, सुमनकाकीस सप्रेम. शाई वाळेपर्यंत नंदाने पुस्तक उघडं धरलं, आणि तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत उभी राहिली, त्या दिवशी दारात होती तशी.

मी रांगेत तिच्या मागे उभ्या मुलाला त्याचं नाव विचारलं.