माझ्या नावाचं पान

"तू नाई जमत बे. तू तं गोरा हायेस."

भाऊसाहेब ओसरीवर बसून हे बोलले. मी खाली अंगणात उभा. अंगावर धुतलेला सदरा, केसांना तेल, पायांत नवी चप्पल. चप्पल अर्थात अंगणाबाहेर काढलेली.

दिल्लीत मोठ्या पदावर असलेले एक पुढारी आमच्या गावात येणार होते. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि अमडापूरपलीकडच्या आमच्या खेड्यात एवढा मोठा माणूस कधी आला नव्हता. सभेआधी सहभोजन होतं. पुढाऱ्यांच्या शेजारच्या पाटावर गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतला एक माणूस बसणार होता. वस्तीनं माझं नाव दिलं होतं. व्यवस्था गावचा कारभार बघणाऱ्या भाऊसाहेबांकडे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नापास केलं.

"फोटोत पटलं पाहिजे न. पाहनाऱ्याले वाटन, हा कोन्या मास्तराचा पोरगा."

"काऊन जी, आमच्या वस्तीत काळी मानसं नाईत काय?"

"हायेत ना. पन पाव्हन्याच्या बाजूले बसून जेवाचं हाये. समजून घे."

मी समजून घेतलं. माझ्या जागी त्यांचा सख्खा भाचा वसंता बसणार होता. कचेरीत कारकून. जात सगळ्यांत वरची, रंग तव्यासारखा. म्हणजे मी माझ्यासारखा दिसत नव्हतो आणि वसंता माझ्यासारखा दिसत होता. मला हसू आलं. खरं सांगतो, अजूनही येतं.

मी तेव्हा पंचविशीत होतो. आमच्या जलशात सोंगं काढायचो. तलाठ्याचं, सावकाराचं, खुद्द भाऊसाहेबांचं. ते पान खाऊन ओठ कसे पुसतात, ते मी करून दाखवलं की वस्ती लोळायची. भाऊसाहेबांना हे ठाऊक होतं.

"तुले नकला येतात न? मंग वसंताले शिकव. तुमी लोक कसे बसता, कसे बोलता. आन् जेवन झालं की पत्रावळी उचलाले तू राय."

मी शिकवलं.

हे लिहायला मला फार वर्षं लागली. अपमान सांगता येतो, हे सांगता येत नव्हतं. मी शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. खांदे पाड. नजर वर करू नको. कोणी बोललं की आधी अंग चोर, मग 'जी' म्हण. वसंता बिचारा मन लावून शिकत होता. "दादा, असं का?" विचारत होता. त्या एका सकाळीपुरता मी दादा झालो होतो. त्याचे खांदे मी माझ्या हातानं खाली दाबले आणि एकदम दिसलं, हे अंग माझ्या बापाचं आहे. मी माझा बाप त्याला उसना देत होतो.

तरी हात थांबले नाहीत.

दुपारी पंगत बसली. पुढारी मधोमध. शेजारी वसंता, फाटक्या सदऱ्यात, खांदे पाडून. नमुनेदार. मी मांडवाच्या कडेला टोपली घेऊन उभा. भात आला, वरण आलं. आणि वसंतानं ओंजळीत पाणी घेतलं, पत्रावळीभोवती गोल फिरवलं, भाताची चिमूट चिमूट उजव्या बाजूला ओळीनं मांडली. ओठ हलले. मुंज झाल्यापासून रोज दोन वेळा केलेलं. मी त्याला सगळं शिकवलं होतं, हे विसरायला शिकवलं नव्हतं.

पुढाऱ्यांनी ते पाहिलं. त्यांचाही हात पाण्याच्या भांड्याकडे अर्धा गेला होता. तो तिथंच थांबला. त्यांनी भाताची ती ओळ पाहिली, वसंताचं तोंड पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील.

फोटोवाला पुढं आला. पुढारी हसले.

"नाव काय आपलं?"

वसंतानं माझं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट.

मग सभा. आम्ही पत्रावळी उचलत होतो आणि भोंग्यातून आवाज येत होता. समुद्रापलीकडे गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला बाकावर बसू देत नाहीत. त्याचा उंबरठा वेगळा, त्याचं पाणी वेगळं. आपला देश जगापुढं उभा राहून याचा धिक्कार करतो. हे खोटं नव्हतं. वर्तमानपत्रातल्या या बातम्या वस्तीत मीच मोठ्यानं वाचून दाखवायचो. मला दिल्लीचा अभिमान होता. तिकडच्या त्या माणसांसाठी माझा जीव तुटायचा.

"आज माझ्या शेजारी बसून जेवलेले आपले बंधू..." भोंगा म्हणाला, आणि त्यानं माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

तेव्हा माझ्या हातात वसंताचीच पत्रावळ होती. भाताची ओळ तशीच. मी टोपली खाली ठेवली. पत्रावळ दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, लोकांमधून चालत गेलो. नाटकात काम केलेल्या माणसाला चालायचं कसं ते कळतं. मंचावर चढलो आणि पुढाऱ्यांसमोरच्या पांढऱ्या चादरीवर ते पान ठेवलं.

"साहेब, नाव माझं घेतलं. पान हे माझं नाई."

पुढाऱ्यांनी माइकवर तळहात ठेवला. माझ्याकडे वाकले. आवाज अगदी मऊ.

"मला माहीत आहे. आता खाली जा."

मी खाली आलो. कोणी मारलं नाही. फक्त त्यानंतर दोन वर्षं आमच्या जलशाला गावात जागा मिळाली नाही. फोटो छापून आला, खाली माझं नाव. वस्तीतल्या म्हातारीनं तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. म्हणाली, "बापा, फोटोत लयच काळा पडला रे तू."

तेव्हापासून जलशात माझं एक नवं सोंग आहे. तळहातानं माइक झाकणारा माणूस. त्यात एकही वाक्य नाही. लोक आधी हसतात, मग हसायचे थांबतात.

आता थकलो. पुढारी बदलले, भोंगे मोठे झाले, समुद्रापलीकडचा धिक्कार अजून चालू आहे आणि चालूच राहावा. गेल्या महिन्यात भाऊसाहेब आले. काठी टेकत, आमच्या वस्तीत, पहिल्यांदा.

"दिल्लीचे पाव्हने येऊन राह्यले. या टायमाले तूच बस. उन्हानं तूही काळा झाला आता."

"बसत नाई जी."

"काऊन? अजून राग हाये का?"

राग नाही. मी आता कोणाच्या शेजारी बसायला जाणार नाही. कोणाला माझं अंग शिकवणार नाही. माझं नाव भोंग्यातून घ्यायचं असेल, तर आधी माझ्या दारात येऊन मला विचारावं लागेल. पाव्हण्यांना जेवायचं असेल, तर माझ्या घरी यावं, फोटोवाल्याला गावात ठेवून. पाणी माझी बायको देईल. भाकर आमच्या चुलीची असेल.

आणि जेवण झाल्यावर आपली पत्रावळ ज्यानं त्यानं उचलायची. पुढाऱ्यांनीसुद्धा.

भाऊसाहेबांना मी हेच सांगितलं. ते उठून गेले. उत्तर आलेलं नाही. मी अट बदललेली नाही.