न उचललेलं ताट

पाण्याचा ग्लास टेबलावर आला, तेव्हा आणणाऱ्याचा अंगठा आत पाण्यात बुडालेला होता. रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या त्या हॉटेलात असं कधी होत नसे. मी रामटेकेंना शोधत इकडेतिकडे पाहू लागलो, तर गल्ल्यावरून मालकाचा मुलगा उठून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अंकल, रामटेके भैया नहीं रहे. पिछले मंगल को... गांव में ही." भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी ते पुतणीच्या लग्नाला गेले होते. पंगतीत वाढताना छातीत दुखलं म्हणून खाली बसले, ते उठले नाहीत. घरच्या लग्नातही हा माणूस पानावर बसला नव्हता, वाढतच होता. हे मला कळलं त्याला आता पाच-सहा आठवडे झाले.

देवाजी रामटेके त्या हॉटेलात जन्मभर वेटर होते. ऑर्डर कधी लिहून घेत नसत. आठ जणांचं टेबल असलं तरी कोणाला तिखट कमी, कोणाला भात आधी, हे डोक्यात घेऊन आत जायचे आणि ज्याचं त्याच्यासमोर ठेवायचे. त्यांचे नियम थोडे होते, पण पक्के होते. ग्लास खालून धरायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तर वाढायला थांबायचं. आणि जेवण झालं की त्याचा हात सुकायच्या आत ताट उचलायचं. "उष्टं ताट समोर पडून राहिलं का माणसाले वाटते, आपल्याले इथं कोणी इचारत नाही," असं ते नव्या वेटरांना सांगत.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गावात जिकडेतिकडे साहेब उगवले. मालकानंही हौसेनं पाटीवरचं 'भोजनालय' पुसून 'रेस्टॉरंट' लिहिलं, चकचकीत मेन्यूकार्डं छापली आणि वेटरांच्या गळ्यात काळे बो बांधले. रामटेके म्हणाले, "साहेब, असा पट्टा बांधला तं कुत्र्याले बी राग येते." आठवड्याभरात बो खिशात गेला आणि खांद्यावर पुन्हा फडकं आलं. मी मंत्रालयात फायली सरकवणारा माणूस. पोशाखानं काम होत नाही, हे कळायला आमच्याकडे याहून बराच जास्त वेळ लागतो. पुढे नव्या रायपुरातल्या एका मोठ्या सरकारी जेवणावळीत वाढायला त्यांना नेलं होतं. कसं झालं, विचारलं, तर म्हणाले, "सारे जेवले जी, पण भूक कोणालेच नव्हती."

आई गेल्यावर माझे वडील दुपारचं जेवण तिथे जेवू लागले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. बाराच्या ठोक्याला निघायचा, दोन गल्ल्या चालून कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा. "रामटेके, आज काय हाय बाप्पा?" "तुमची थाळी हाय न, बाबूजी." एवढंच रोजचं बोलणं. मी आणि बायको दोघंही नोकरीवर. बाबा वेळेवर जेवतात एवढ्यावर आमचं समाधान होतं. घरात त्यांच्या हाती काही उरलं नव्हतं. त्या दोन गल्ल्या मात्र त्यांच्या होत्या.

एका दुपारी दिल्लीहून आलेल्या एका बड्या साहेबांना घेऊन मी तिथे गेलो. पाहतो तर बाबा उष्ट्या ताटापुढे बसलेले. वाटीत वरणाचा थर वाळलेला, ताटात चार शितं. आणि रामटेके दोन हातांवर नुसते उभे. साहेबांसमोर आपली मान खाली गेली असं मला वाटलं. (साहेबांचं लक्ष मेन्यूकार्डात होतं.) मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "यही सर्विस है राजधानी की? थाली उठाइए." रागावताना आम्ही हिंदीत जातो. रामटेके माझ्याकडे क्षणभर बघत राहिले... मग त्यांनी ताट उचललं, टेबल पुसलं.

आमची भजी आली तेवढ्यात बाबांनी हाक मारली. "रामटेके, थाळी आण बाप्पा. भूक लागली."

"आणून राहिलो, बाबूजी. तवर ताक घ्या."

मी उठून मोरीपाशी त्यांना गाठलं. ते ग्लास विसळत होते.

"चार महिने झाले, साहेब. जेवले का नाही, ते ध्यानात राहत नाही त्यायच्या. ताट समोर असलं का सोताच पाहतेत अन् म्हणतेत, झालं बा जेवण. मंग उठतेत. चारचौघात मी काहून सांगू, तुमी जेवले म्हणून?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी त्यायले घरी बसवलं असतं."

आणि मी खरोखरच बसवलं असतं. हातात ग्लास घेऊन ते म्हणाले, "अजून सोताच्या पायानं येतेत जी. येऊ द्या." मी कशीबशी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "तुमची भजी गार होऊन राहिली, साहेब."

त्यानंतर बाबा आणखी पावणेदोन वर्षं तिथे आपल्या पायांनी गेले. ते निघाले की रामटेके पायरीवर उभे राहायचे आणि बाबा आमच्या गल्लीत वळेपर्यंत आत जायचे नाहीत. हे मला समोरच्या दुकानदारानं सांगितलं. त्यांनी स्वतः कधीच नाही. मी मात्र घरी कोणाला काही बोललो नाही, फक्त रात्रीच्या जेवणानंतर बाबांचं ताट लगेच उचलू नकोस, एवढं बायकोला सांगितलं. का, ते तिनं विचारलं नाही. दोनच दिवसांत तिच्या ते लक्षात आलं. शेवटच्या दिवसापर्यंत आमच्या घरात बाबांना "तुम्ही जेवलात" असं कोणी सांगितलं नाही. रामटेकेंनी मला शिकवलेलं हे एकच काम, पण नोकरीत शिकलेल्या सगळ्या कामांपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं.

परवा मी पुन्हा गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून थाळी मागवली. नवा वेटर चाळिशीचा, चटपटीत माणूस आहे. माझा हात थांबताच ताटाकडे आला. "राहू द्या थोडं," मी म्हणालो. तो गोंधळून बाजूला उभा राहिला. वाटीतलं वरण हळूहळू सुकत गेलं. मी ताटाकडे बघत बसलो. मग कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणालो, "झालं बा जेवण," आणि उठलो.